झातोपेकची गोष्ट कुठे थांबवायची?

कोयनाकाठ (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. एक अडचण घेऊन आलोय.

कराडात आमचा धावणाऱ्यांचा छोटा गट आहे. रविवारी पहाटे प्रीतिसंगमावर जमायचं, गोळेश्वरच्या बाजूला जाऊन यायचं, मग चहा. गोळेश्वर म्हणजे खाशाबा जाधवांचं गाव, हे इथे सांगायला नको. जवळच्या एका शाळेने व्हरांड्याच्या भिंतीवर दोन फलक रंगवायला जागा दिली आहे. पहिला खाशाबांचा. तो लिहून, रंगवून तयार आहे. दुसरा चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेकचा.

झाटोपेकच का? तारखा बघा. हेलसिंकी, जुलै १९५२. २० तारखेला झाटोपेकने १०,००० मीटरचं सुवर्ण घेतलं. २३ तारखेला आपल्या खाशाबांनी कुस्तीत कांस्य घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. २४ ला झाटोपेकचं ५,००० मीटरचं सुवर्ण, आणि २७ ला मॅरेथॉनचं. मॅरेथॉन तो आयुष्यात पहिल्यांदा धावत होता! एकाच शहरात, एकाच आठवड्यात ही दोन माणसं. म्हणून शेजारी शेजारी.

मजकूर मी लिहिला. बाटाच्या कारखान्यातला पोरगा, चार सुवर्ण, एक रौप्य, अठरा विश्वविक्रम, १९५६ ला मेलबर्नमध्ये सहावा, आणि मग निवृत्ती. इथे मी थांबलो. गटातले निम्मे म्हणाले, बरोबर, धावपटूची कारकीर्द संपली की फलक संपला. उरलेले निम्मे म्हणतात, खरी गोष्ट तर तिथून पुढे आहे. १९६८ ला रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरल्यावर तो विरोधात उभा राहिला, सैन्यातून, कम्युनिस्ट पक्षातून काढला गेला, खेड्यापाड्यांत जमिनीला भोकं पाडायच्या कामावर गेला. आणि काही वर्षांनी त्याने मोकळीक मागणाऱ्या जाहीरनाम्यावरची आपली सही चुकली असं जाहीरही केलं.

वाचणारी मुलं पाचवी ते आठवीची आहेत. रंगारी पुढच्या शुक्रवारी येतोय. काय करू?

पहाटधाव

विषय फारच जवळचा. आधी एवढंच सांगते की ५,००० ची ती शेवटची फेरी जमेल तेवढी सविस्तर लिहा. शेवटच्या वळणाला तो चौथा होता. पुढे चॅटवे, मिमून, शाडे. वळणावर बाहेरच्या बाजूने तिघांना मागे टाकलं, चॅटवे तर कडेला अडखळून पडला. मी ट्रॅकवर ४०० मीटर पुन्हापुन्हा धावण्याचा सराव करताना शेवटच्या दोनशेला नेहमी तेच वळण डोळ्यासमोर आणते. पाय जड झालेले असतात, पण एक माणूस बाहेरून जाताना दिसतो.

बाकी प्रश्नाचं उत्तर विचार करून लिहिते.

लाल माती

खाशाबांच्या फलकावर काय लिहिलंय ते आधी सांगा. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ते आहे का? तेच हेलसिंकी. आणि आमच्या कोल्हापूरचे केशव मंगावेही तिथे होते, चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं. त्यांचं नाव घ्यायला कुणाला आठवत नाही म्हणून मी घेतो.

कोयनाकाठ

@लाल माती, आहे. गहाण घर आहे, परत आल्यावर कुस्त्या लावून ते घर सोडवलं तेही आहे. बैलगाड्यांची मिरवणूक आहे. पोलीस खात्यातली नोकरी, १९८४ चा अपघात आणि अर्जुन पुरस्कार मृत्यूनंतर मिळाला हेही आहे. मंगावेंचं नाव मात्र राहिलं. खालच्या ओळीत जागा आहे, घालतो. मनापासून आभार.

स्पष्टवक्ता

मी तुमच्या पहिल्या निम्म्यांच्या बाजूचा.

धावपटूची कारकीर्द म्हणजे पहिल्या शर्यतीपासून शेवटच्या शर्यतीपर्यंत. आपल्याकडे प्रत्येक खेळाडूच्या चरित्रात त्याचा खेळ चार ओळींत आटोपतात आणि मग त्याने काय भोगलं यावर पानंच्या पानं. मुलांना त्यातून काय मिळतं? खेळलास तर हाल होतील, एवढंच. झाटोपेकने केलं काय ते सांगा ना! २९ मिनिटांच्या आत १०,००० मीटर धावलेला जगातला पहिला माणूस, १९५४ ला ब्रसेल्समध्ये, २८:५४.२. एका तासात २० किलोमीटर ओलांडणारा पहिला. त्याने सरावाची पद्धत बदलली, ती कशी ते समजावून सांगा. हे एवढं अफाट आहे की भिंत पुरणार नाही.

राजकारण सहावीच्या पोराला कळत नाही. आणि शेवटी त्याने माघार घेतली. मग शिकवायचं काय, ठाम राहा की माघार घ्या?

बोलेस्लाववासी

मी म्लादा बोलेस्लावला राहतो, चेक प्रजासत्ताकात. मूळचा छत्रपती संभाजीनगरचा, स्कोडात आहे, आमच्यासारखे चाकण-शेंद्र्याकडचे इथे बरेच आहेत.

पहिली विनंती: 'झातोपेक' लिहा. चेक भाषेत 'त' आपल्यासारखाच दाताला जीभ लावून येतो, इंग्रजी 'ट' नाही. मराठीत 'त' असताना 'ट' कशाला?

दुसरं, @स्पष्टवक्ता यांनी तासात २० किलोमीटर म्हटलं, ते मैदान माझ्या रोजच्या वाटेवर आहे. प्रागला जाताना वाटेत स्तारा बोलेस्लाव लागतं. तिथे झाडीत एक जुना ट्रॅक आहे. सप्टेंबर १९५१ ला तिथे तो एका तासात २०,०५२ मीटर धावला. मी एकदा गाडी थांबवून तिथे पाच फेऱ्या मारल्या. कुणी नव्हतं, पानं पडलेली होती. तासात पन्नासहून जास्त फेऱ्या, त्याही सिंडरच्या, म्हणजे कोळशाच्या राखेच्या ट्रॅकवर. पाच फेऱ्यांत माझी छाती भरून आली, आणि ती दमामुळे नव्हे.

इथल्या रेल्वेच्या एका इंजिनाच्या जातीलाच 'एमिल झातोपेक' नाव आहे. धावताना तो फुसफुसायचा, म्हणून लोक त्याला चेक आगगाडीचं इंजिन म्हणायचे. आता खरंच इंजिन झालाय.

चिंचपोकळी

इंजिनाला धावपटूचं नाव! आमच्या मध्य रेल्वेने एका लोकलला 'खाशाबा' नाव दिलं तर ती तरी गर्दीला चितपट करून वेळेवर पोचेल.

माजी फौजी

कोप्रिव्हनित्से हे त्याचं जन्मगाव ना? म्हणजे टाट्राचं गाव. मी सैन्यात असताना टाट्रा ट्रक चालवलाय, आठ चाकी. चढ असो, चिखल असो, ट्रक थांबत नसे. झातोपेकचे वडील त्याच गावात सुतार होते. आता कळलं तो कुठल्या मातीचा होता ते.

तोही फौजी होता हे फलकावर नक्की लिहा. सरावासाठी जड लष्करी बूट घालून जंगलात पळायचा, बर्फात पळायचा. पहाऱ्यावर उभा असताना जागच्या जागी पळायचा असंही वाचलंय. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर हवालदाराने आधी झापलं असतं आणि मग क्रॉस-कंट्रीच्या संघात घेतलं असतं.

अस्थितज्ज्ञ

@स्पष्टवक्ता यांनी सरावाचा विषय काढला म्हणून.

झातोपेकच्या आधीही लोक तुकड्यातुकड्यांत सराव करत. फिनलंडच्या नुर्मीचा त्याच्यावर प्रभाव होता, जर्मनीत गेर्शलर हे प्रशिक्षक होते. पण झातोपेकने त्याचं प्रमाण कुठल्या कुठे नेलं. सुरुवातीला ५ वेळा २०० मीटर, २० वेळा ४०० मीटर, पुन्हा ५ वेळा २००, मधल्या वेळात हळू धाव. पुढे ४०० चा आकडा चाळीस, साठ असा चढत गेला आणि काही दिवशी शंभरावर पोचला. म्हणजे नुसत्या वेगाच्या तुकड्या चाळीस किलोमीटर. त्याचं म्हणणं सोपं होतं: हळू पळता मला येतंच, शिकायचंय ते वेगात पळायला.

हे वाचून कुणी उद्या ट्रॅकवर जाऊ नका, हात जोडून सांगतो. दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की माझ्याकडे रांग लागते. नडगीच्या हाडाला बारीक तडे, टाचेचे दुखणे. बहुतेकांनी चार महिन्यांत दोन वर्षांचा सराव कोंबलेला असतो. झातोपेकची वाढ वर्षानुवर्षांची होती. बाटातल्या वरिष्ठाने बळेच शर्यतीत उतरवलं ते १९४१ साल, आणि पहिलं ऑलिंपिक सुवर्ण १९४८ चं. मधली सात वर्षं फलकावर दिसली पाहिजेत. मुलांना तेवढं तरी कळेल.

अबोली

बाटाचा उल्लेख वाचून आठवलं. आमच्या शाळेचे काळे बूट बाटाचेच असायचे. ते झ्लिन नावाच्या चेक गावातून आले हे मला चाळीशीत कळलं. तो मुलगा त्या कारखान्यात, शर्यतीत पळायला नको म्हणत होता, तब्येतीचं कारणही सांगून पाहिलं, पण डॉक्टरने तंदुरुस्त ठरवलं. आणि शंभरात दुसरा आला!

माझ्या मुलाला (वय १०) मी रॉन क्लार्कची गोष्ट सांगितली होती, ती इथे अजून कुणी लिहिली नाही. ऑस्ट्रेलियाचा क्लार्क, डझनावर विश्वविक्रम, पण ऑलिंपिकमध्ये फक्त १९६४ चं एक कांस्य. १९६६ मध्ये तो प्रागला गेला होता. निघताना विमानतळावर झातोपेकने त्याच्या हातात एक छोटं पुडकं ठेवलं, आत्ता उघडू नकोस म्हणाला. विमानात उघडलं तर आत हेलसिंकीचं १०,००० मीटरचं सुवर्णपदक.

मी सांगून थांबले. वाटलं, मुलगा भारावून जाईल. त्याने विचारलं, "मग त्याच्याकडे किती उरली?" मी म्हटलं, सोन्याची तीन. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तीन पुष्कळ आहेत."

तेव्हापासून मला मुलांना काय कळतं आणि काय नाही याचे अंदाज बांधायला भीती वाटते.

पहाटधाव

@अबोली, वाचून घशात आवंढा आला.

आणि यात बघा ना, १९६६ म्हणजे निवृत्तीनंतरच. @स्पष्टवक्ता, तुमच्या हिशेबाने हीसुद्धा फलकावर नको?

स्पष्टवक्ता

पदकाची गोष्ट खेळातलीच आहे. ती राहू द्या. माझा मुद्दा १९६८ बद्दल होता.

चिंचपोकळी

बायकोला पाठीवर घेऊन सराव करायचा हे खरं आहे का हो? मी घरी सुचवून पाहिलं. बायको म्हणाली, आधी दळण घेऊन चौथ्या मजल्यावर चढून दाखवा.

पहाटधाव

खरं आहे, आणि त्यातूनच १९५६ च्या ऑलिंपिकआधी त्याला हर्निया झाला, शस्त्रक्रिया झाली. तरी मेलबर्नला मॅरेथॉन धावला आणि सहावा आला. जिंकला अ‍ॅलन मिमून, म्हणजे जो तीन वेळा झातोपेकच्या मागे रौप्यावर थांबला होता तो. शर्यत संपवून तो बाजूला गेला नाही, झातोपेक येईपर्यंत तिथेच उभा राहिला. आपण जिंकलो हे मिमूननेच सांगितलं तेव्हा झातोपेक भानावर आला. त्याने मिमूनला सलाम केला आणि मिठी मारली.

आणि जिला पाठीवर घ्यायचा त्या दानाबद्दल एक वेगळा फलक हवा. दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, १९ सप्टेंबर १९२२. हेलसिंकीत तो ५,००० जिंकला त्याच दुपारी तिने भालाफेकीत सुवर्ण घेतलं, ५०.४७ मीटर. नवऱ्याचं ताजं पदक तिने शकुनासाठी पिशवीत टाकून नेलं होतं. नंतर तो पत्रकारांसमोर म्हणाला की माझ्या विजयाने तिला स्फूर्ती मिळाली. तिने तिथेच सुनावलं: जा, दुसऱ्या एखाद्या मुलीला स्फूर्ती दे आणि बघ ती पन्नास मीटर फेकते का! १९६० ला रोममध्ये, अडतिशीला टेकलेली असताना, तिने रौप्यही घेतलं.

कोयनाकाठ, फलकावर 'त्याची पत्नी' एवढंच लिहिलंत तर मी कराडला येऊन भांडेन.

कोयनाकाठ

ताई, या! पण भांडायची वेळ येणार नाही. दानाचं नाव, अंतर, दोन्ही पदकं घालतो.

लाल माती

मला स्पष्टवक्त्यांना एक विचारायचंय. भांडण नाही, खरंच विचारतोय. खाशाबांच्या फलकावर अपघात आहे, अर्जुन मृत्यूनंतर मिळाला ते आहे. त्याला कुणी राजकारण म्हटलं नाही. आम्ही कोल्हापूरकर तर ते प्रत्येक मैदानात सांगतो, कारण तो आमचा सल आहे. मग शेजारच्या भिंतीवरच्या माणसाचं पदकानंतरचं आयुष्य तेवढं कापायचं का? तो परका म्हणून?

स्पष्टवक्ता

@लाल माती, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. विचार करतो.

माजी फौजी

मी १९६८ बद्दल फौजी म्हणून बोलतो.

तो कर्नल होता. जून १९६८ मध्ये 'दोन हजार शब्द' नावाचा जाहीरनामा निघाला, मोकळीक मागणारा. त्यावर त्याने सही केली. ऑगस्टमध्ये वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत रशिया आणि त्याच्या साथीदार देशांच्या, फौजा शिरल्या तेव्हा तो प्रागच्या वेन्सेस्लास चौकात लोकांमध्ये होता. ऑलिंपिकच्या काळात युद्ध थांबवायची जुनी ग्रीक रीत आहे, मग मेक्सिकोच्या वर्षी हे कसं चालतं, असं त्याने उघड विचारलं. त्याबद्दल हुद्दा गेला, गणवेश गेला.

गणवेश उतरवणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. मी सन्मानाने निवृत्त झालो. बिगूल वाजला, साथीदारांनी जीप ओढली. तरी घरी आल्यावर सहा महिने पहाटे साडेचारला उठून बसायचो आणि कुठे जायचं ते कळायचं नाही. आणि इथे तर तो गणवेश हिसकावून घेतलाय. सैन्यानेच त्याला धावायला वेळ दिला होता, तो गणवेश घालून तो देशासाठी मिरवला होता. ज्याच्यावर ही वेळ आली त्याने पुढे काय म्हटलं, याचा न्याय मी करणार नाही.

बोलेस्लाववासी

त्यानंतर तो भूगर्भ तपासणीच्या कामावर होता. ड्रिलिंगची माणसं, गावोगाव हिंडणं, पाणी आणि खनिजांसाठी जमिनीत भोकं पाडणं, चाकाच्या खोपटात राहणं. आपल्याकडची बोअरची गाडी आठवा. दाना प्रागमध्ये, हा आठवडेच्या आठवडे बाहेर. असं पाच एक वर्षं. मग त्याला खेळाच्या कार्यालयात परदेशी मासिकं वाचून त्यांची भाषांतरं करायचं काम मिळालं, कारण त्याला बऱ्याच भाषा येत होत्या. जगातला सर्वांत मोठा धावपटू टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या सरावाची टिपणं काढत होता!

नेटवर तो कचरा गोळा करायचा ही गोष्ट फार रंगवून सांगतात. फलकावर ड्रिलिंगच लिहा, ते पक्कं आहे.

माघारीबद्दल इथल्या लोकांत वेगवेगळं ऐकायला मिळतं. माझ्या विभागात साठीचे एक गृहस्थ आहेत. त्यांना मी जेवणाच्या सुट्टीत विचारलं. ते काट्याने बटाटे ढकलत म्हणाले, आमच्या घरी दोन माणसांनी असाच कागद लिहून दिला होता, एकाने नोकरीसाठी, एकाने मुलीच्या कॉलेजसाठी. मग विषय बदलला.

सुमनमावशी

मी इथे सहसा नुसती वाचते. निवृत्त शिक्षिका आहे, वय ७१.

१९७५ साली मी महाविद्यालयात होते. आणीबाणीत आमच्या गल्लीतले दोघे आत गेले. दोघेही शिक्षक, दोघेही माझ्या वडिलांचे मित्र. एक जण शेवटपर्यंत आत राहिले. दुसऱ्यांनी आठ महिन्यांनी लिहून दिलं आणि बाहेर आले. ज्यांनी लिहून दिलं नाही त्यांचा नंतर सत्कार झाला, शाल, श्रीफळ, भाषणं. ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याशी गल्ली बोलेनाशी झाली. आमच्या घरीही ते येईनासे झाले. माझे वडील त्यांना रस्त्यात बघून पलीकडच्या बाजूने जात. मीही तसंच केलं, एकदा नाही, बऱ्याचदा.

त्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेली आई होती आणि एक मतिमंद भाऊ होता. हे आम्हाला ठाऊक होतं! ठाऊक असून आम्ही त्यांना बाजूला टाकलं. ते गेले तेव्हा खांदा द्यायला चार माणसं जमवावी लागली. वडील गेले नाहीत. पुढे शेवटच्या आजारपणात वडील त्यांचंच नाव घेत होते.

स्पष्टवक्ता, तुम्ही विचारलंत की मुलांना काय शिकवायचं, ठाम राहा की माघार घ्या. मी बत्तीस वर्षं सहावी-सातवीला शिकवलं. त्या मुलांच्या घरात रोज कुणीतरी माघार घेत असतं. बाप साहेबापुढे, आई सासरी. मुलं ते बघतात आणि त्यांना वाटतं, आपलीच माणसं भित्री. त्या मुलांना भिंतीवर एक माणूस दिसू द्या, जो खूप मोठा होता, जो उभा राहिला, ज्याला वाकवलं, आणि तरी जो मोठाच राहिला. त्याने आधी सही केली होती आणि त्याची किंमत मोजली होती. नंतरचा कागद त्या किमतीतलाच आहे असं मी धरते.

अबोली

मावशी...

पहाटधाव

मावशी, मी तुमची पोस्ट दोनदा वाचली. नमस्कार.

अस्थितज्ज्ञ

मावशींना अनुमोदन. माझ्याकडून अजून एक गोष्ट, फलकात बसली तर बघा. १९५२ ला हेलसिंकीला निघताना स्तानिस्लाव युंगविर्थ या धावपटूचं नाव संघातून काढलं होतं, कारण त्याचे वडील राजकीय कैदी होते. झातोपेकने सांगितलं, तो नसेल तर मीही नाही, आणि विमानात बसलाच नाही. शेवटी सरकारला नमावं लागलं, दोघेही मागाहून गेले. तीन सुवर्णं त्यानंतरची आहेत. आणि १९५७ मध्ये त्याच युंगविर्थने १,५०० मीटरचा विश्वविक्रम केला.

म्हणजे १९६८ काही अचानक उगवलं नव्हतं. हे खेळाच्या कारकिर्दीच्या मधोमधच आहे, कुठून कापणार?

स्पष्टवक्ता

अस्थितज्ज्ञ, युंगविर्थबद्दल मला ठाऊक नव्हतं. लाल माती आणि मावशी, दोघांचंही पटलं.

माझं मत बदलतो. लिहा. माघारही लिहा, पण एका ओळीत, रडका सूर न लावता. आणि एक अट राहू द्या, धावणं आधी आणि जास्त. मुलगा फलकासमोर उभा राहिला तर त्याला पहिल्यांदा पळावंसं वाटलं पाहिजे.

लाल माती

हे झकास बोललात.

चिंचपोकळी

मॅरेथॉनमधलं ते संभाषण तरी घ्या! ब्रिटनचा जिम पीटर्स सहा आठवड्यांपूर्वीच २:२०:४२ धावून जगातली सर्वोत्तम वेळ घेऊन आला होता. नवखा झातोपेक त्याच्या बाजूला येऊन विचारतो, वेग फार जास्त आहे का? पीटर्स त्याला थकवायला म्हणतो, नाही, कमीच आहे. झातोपेक भाबडेपणाने वेग वाढवतो आणि निघून जातो. पीटर्सला शर्यत सोडावी लागली. मुलं हसतील आणि विसरणार नाहीत.

पहाटधाव

हो! त्याची वेळ २:२३:०३, म्हणजे किलोमीटरला ३:२३. मी एक किलोमीटरसुद्धा त्या वेगाने धावलेली नाही. आणि त्याच शर्यतीत आपले सूरतसिंग माथुर होते, २:५८:०९, बावन्नावे. त्यांचंही नाव घाला, खाशाबांच्या आणि झातोपेकच्या मधल्या पट्टीवर शोभेल.

बोलेस्लाववासी

गेल्या वर्षी आम्ही सुट्टीत रोझ्नोवला गेलो होतो. डोंगरातलं गाव, जुन्या लाकडी घरांचं उघड्यावरचं संग्रहालय आहे, तिथल्या स्मशानभूमीत झातोपेकची कबर आहे. दाना २०२० मध्ये गेली, तीही तिथेच. माझी बायको म्हणाली, आपण रिकाम्या हाताने आलो. खिशात चाकणहून आईने पाठवलेल्या तिळगुळाची पुडी होती, एक वडी ठेवली. बरोबर होतं की चूक माहीत नाही, पण तेव्हा तेच सुचलं.

१९९० मध्ये, सरकार बदलल्यावर, संरक्षण मंत्र्यांनी त्याची माफी मागितली होती. तो २००० च्या नोव्हेंबरमध्ये गेला. म्हणजे दहा वर्षं तरी त्याला ती माफी अनुभवता आली. माजी फौजी काकांसाठी मुद्दाम लिहिलं.

माजी फौजी

वाचलं. बरं वाटलं. १९९० फलकावर हवंच.

कोयनाकाठ (गुरुवार, रात्री ११:१५)

मंडळी, काय बोलू. रंगारी उद्या सकाळी येतोय. आज संध्याकाळी गटाला सगळा धागा वाचून दाखवला, मावशींच्या पोस्टनंतर कुणी काही बोललं नाही, मग सगळ्यांनी मिळून शेवटचा भाग लिहिला. वरचा मोठा भाग धावण्याचाच आहे: कारखाना, सात वर्षं, चारशेच्या फेऱ्या, शेवटचं वळण, दाना, युंगविर्थ, पीटर्स, मिमूनची मिठी, क्लार्कचं पुडकं. खालचा असा:

"१९६८ मध्ये परक्या फौजा देशात शिरल्या तेव्हा एमिल त्यांच्या विरोधात उघडपणे बोलला. त्याचा लष्करी हुद्दा काढून घेतला. पाच वर्षं तो घरापासून दूर जमिनीत ड्रिलिंग करण्याच्या कामावर होता. त्या काळात त्याला मोकळीक मागणाऱ्या जाहीरनाम्यावरची आपली सही चूक होती असं म्हणावं लागलं. १९९० मध्ये सरकारने त्याची माफी मागितली. त्याच्याकडे तीन सुवर्णपदकं होती. चौथं त्याने मित्राला दिलं होतं."

शेवटची दोन वाक्यं अबोलीताईंच्या मुलाची आहेत. त्याला सांगा.

अबोली

सांगितलं. तो विचारतोय, फलक बघायला कधी जायचं.

सुमनमावशी

"म्हणावं लागलं" हा शब्द ठेवलात, बरं केलंत.

बोलेस्लाववासी

'त' घातलात ना?

कोयनाकाठ

'त' आहे, चार ठिकाणी तपासला. मंगावे आणि माथुर मधल्या पट्टीवर. अबोलीताई, येत्या रविवारी या, मुलालाही आणा. सकाळी सहाला प्रीतिसंगम, गोळेश्वरच्या बाजूने जाऊन शाळेपाशी थांबू. मुलासाठी बूट जुने, पायात बसलेले आणा, नवे नकोत. पाणी आम्ही आणतो.

स्पष्टवक्ता

मी साताऱ्याहून येतो. दोन बाटल्या माझ्याही.